मोठ्या शहराच्या मध्यभागी खरेदीला कुठे जावं? आधी भाडं वाचायला शिका

प्रश्न थोडक्यात असा: एका मोठ्या, जगभरच्या लोकांनी गजबजलेल्या शहरात दोन-तीन दिवस मुक्काम आहे, राहण्याची सोय शहराच्या मध्यभागीच आहे, तर खरेदीला नेमकं कुठे जावं?

दुकानांसाठी जागा हेरणं, गाळ्यांची भाडी ठरवताना सल्ला देणं आणि कोणत्या रस्त्यावर काय चालेल याचा अंदाज बांधणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. त्यामुळे दुकानांची यादी देण्याऐवजी मी तुम्हाला जागा ओळखायला सांगेन. यादी दोन वर्षांत शिळी होते. दुकान हलतं, बंद पडतं, नाहीतर त्याच नावाखाली वेगळाच माल विकायला लागतं. रस्त्याचा स्वभाव मात्र सहजासहजी बदलत नाही, कारण तो भाड्यावर ठरतो.

जिथे भाडं सर्वांत जास्त, तिथे दोनच प्रकारचा माल टिकतो: एक तर झटपट खपणारा, किंवा ज्याच्या एकेका नगावर भरपूर नफा सुटतो असा. ज्या मालाला जागा जास्त लागते, गिऱ्हाईक कमी पण जाणकार असतं, जो विकायला वेळ द्यावा लागतो, तो माल हळूहळू मागे सरकतो. आडरस्त्यावर जातो, वरच्या मजल्यावर चढतो, तळघरात उतरतो. म्हणून ‘कुठे जाऊ’ याआधी ‘काय हवंय’ हे ठरवा. तुम्हाला हवी असलेली वस्तू जितकी खास, तितकं मुख्य चौकापासून लांब जावं लागेल. हे लांब म्हणजे बऱ्याचदा चालत पाच-सात मिनिटं, त्याहून जास्त नाही.

सुरुवात मुख्य रस्त्यापासूनच करू, कारण प्रत्येक जण आधी तिथेच पोहोचतो. न्यूयॉर्कचा फिफ्थ अॅव्हेन्यू, लंडनचा ऑक्सफर्ड स्ट्रीट, टोकियोतला गिन्झा, मिलानचा व्हिया मोंतेनापोलेओने. कुशमन अँड वेकफिल्ड ही मालमत्ता सल्लागार कंपनी जगातल्या सर्वांत महाग भाड्याच्या खरेदी-रस्त्यांची यादी काढते. २०२४ च्या यादीत न्यूयॉर्कला मागे टाकून मिलानचा हा रस्ता पहिला आला. अशा रस्त्यावर हँडबॅगा, घड्याळं, अत्तरं आणि दागिने दिसतात, कारण चौरस फुटामागे इतका पैसा फारच थोड्या प्रकारचा माल मिळवून देतो. ऑक्सफर्ड स्ट्रीटसारख्या रस्त्यावर हेच गणित उलट्या टोकानं सुटतं: कपड्यांच्या मोठ्या साखळी-दुकानांत नफा थोडा, पण खप प्रचंड.

इथे काय घ्यावं? कंपनीचं शहरातलं सर्वांत मोठं दुकान, ज्याला धंद्यात फ्लॅगशिप म्हणतात, ते फक्त विक्रीच्या हिशेबानं चालत नाही. त्याच्या भाड्याचा काही भाग कंपनी मनातल्या मनात जाहिरातीच्या खात्यावर टाकते. म्हणून तिथे सगळी मापं, सगळे रंग, त्या शहरापुरती काढलेली एखादी खास आवृत्ती, दुरुस्तीची सोय आणि माहितगार विक्रेते मिळण्याची शक्यता जास्त असते. विशिष्ट कंपनीची विशिष्ट वस्तू हवी असेल तर थेट तिथेच जा, चार छोट्या शाखा पालथ्या घालू नका. पण साखळी-दुकानातला रोजच्या वापराचा शर्ट घ्यायला परक्या शहरातली अर्धी दुपार घालवणं मला खरंच वाईट वाटतं. तोच शर्ट बहुधा तुमच्या गावच्या शाखेतही टांगलेला असतो. काही कंपन्यांच्या वस्तू त्यांच्या मूळ देशात स्वस्त पडतात, तेवढा अपवाद धरा आणि निघण्याआधीच घरच्या बाजारातला भाव बघून ठेवा.

आता वळा. कोपरा ओलांडला की वर्दळ इतकी झपाट्यानं घटते की नवख्या दुकानदाराचा विश्वास बसत नाही, आणि भाडंही तसंच उतरतं. मुख्य रस्त्याला समांतर जाणारा दुसरा किंवा तिसरा रस्ता हा माझ्या मते कोणत्याही मोठ्या शहरातला सर्वांत फायद्याचा पट्टा. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशी दुकानं इथे असतात: चष्म्याच्या फ्रेमा, कागद आणि शाई, चामड्याच्या वस्तू, स्थानिक डिझायनरचे कपडे, संगीताच्या तबकड्या. लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या उत्तरेला थोडं चालत गेलं की मॅरिलबोन हाय स्ट्रीट लागतो. त्या भागातली बरीच मालमत्ता हॉवर्ड दे वॉल्डेन इस्टेट या एकाच मालकाकडे आहे. कुणाला गाळा द्यायचा हे त्यांनी निव्वळ भाड्याच्या बोलीवर न सोडता दुकानं निवडून आणली, म्हणून रस्त्याला वेगळी ओळख आली. एखाद्या रस्त्यावर लहान दुकानांचं मिश्रण फारच जमून आलेलं दिसलं, तर बहुतेक वेळा त्यामागे असा कुणीतरी धोरणी जागामालक असतो. असा रस्ता सापडला की तिथे निवांत वेळ काढा.

पण मला विचाराल तर मोठ्या शहरात जाण्याचं खरं कारण म्हणजे एकाच मालाचे बाजार. एकच वस्तू विकणारी दुकानं ओळीनं एकमेकांना खेटून का बसतात? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ साली मांडलं की गिऱ्हाईक वाटून घेताना स्पर्धक एकमेकांपासून लांब जाण्याऐवजी जवळ सरकतात. प्रत्यक्षात आणखीही कारणं असतात. गिऱ्हाइकाला एका फेरीत दहा ठिकाणचा माल तोलून बघता येतो, म्हणून ते लांबून येतं. घडवणारे, पॉलिश करणारे, सुटे भाग पुरवणारे कारागीर वरच्या मजल्यावर किंवा मागच्या बोळात असतात. एका दुकानात नसलेली वस्तू शेजाऱ्याकडून पाच मिनिटांत मागवता येते. या सगळ्याचा फायदा शेवटी तुम्हाला मिळतो.

न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ आणि सिक्स्थ अॅव्हेन्यूच्या मधला ४७ व्या रस्त्याचा तुकडा हिऱ्यांचा, लंडनमध्ये हॅटन गार्डन दागिन्यांचं, रीजंट स्ट्रीटच्या झगमगाटाला लागूनच पण त्याच्या पाठीमागे सॅव्हिल रो शिंप्यांची. सॅव्हिल रोवर पदपथावरून खाली नजर टाकली तर तळघरातल्या कार्यशाळांमध्ये कपडे बेतणारे कारागीर दिसतात. टोकियोत जिम्बोचो हा भाग जुन्या पुस्तकांचा, तर काप्पाबाशी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या-भांड्यांचा. जिम्बोचोतली बरीचशी पुस्तकांची दुकानं यासुकुनी-दोरी या रस्त्याच्या दक्षिण बाजूला, उत्तरेकडे तोंड करून आहेत, कारण थेट ऊन पडलं तर पुस्तकं पिवळी पडतात. विकायच्या मालाची इतकी काळजी रस्त्याच्या रचनेत दिसते तिथे दुकानदाराला विषयाची जाण असणारच, असं मी खुशाल धरून चालतो.

इस्तंबूलचा झाकलेला बाजार, म्हणजे ग्रँड बझार, तर या बाबतीत उघडं पुस्तक आहे. १४५५ च्या सुमारास त्याचं बांधकाम सुरू झालं आणि आतल्या गल्ल्यांना तिथे बसणाऱ्या व्यवसायांची नावं पडली. आतला मुख्य रस्ता, काल्पाकचिलार, नावानं टोप्या करणाऱ्यांचा आहे. आज त्याच्या दोन्ही बाजूंना सोनं चमकतं. मोक्याच्या जागेवर अखेर सर्वांत किमती मालच उरतो, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित सापडेल. तिथेही नियम तोच: मुख्य रस्ता सोडून कडेच्या बोळांत आणि जुन्या हान, म्हणजे व्यापाऱ्यांच्या मुक्कामाच्या आणि गोदामांच्या, इमारतींच्या चौकांत गेल्याशिवाय कारागीर भेटत नाहीत.

अशा बाजारात खरेदीची पद्धत वेगळी ठेवावी लागते. पहिल्या फेरीत काहीही घेऊ नका. एकच वस्तू तीन-चार दुकानांत मागा, आणि भावापेक्षा उत्तरं लक्ष देऊन ऐका: हे कशाचं आहे, कुठे घडलं, बिघडलं तर कोण दुरुस्त करेल. तोंडाशी असलेल्या पहिल्या दोन-चार दुकानांना रस्ता चुकून आलेलं गिऱ्हाईकही पुरतं; आतल्या दुकानाला मात्र आलेलं गिऱ्हाईक पुन्हा येण्यावरच जगावं लागतं. त्या व्यवसायातली माणसं जिथे घेतात ते दुकान ओळखा. सुऱ्यांच्या बाजारात आचारी, वाद्यांच्या बाजारात वादक कुठे थांबतात ते बघा. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी दुकान उघडून तासभर झाल्यावर जा, तेव्हा विक्रेत्याला बोलायला सवड असते. घासाघीस करायची की नाही हे वस्तूवर किमतीची चिठ्ठी आहे का यावरून ठरवा. चिठ्ठी असेल तर फार तर दोन नग घेतल्यावर काही सूट मिळेल का, एवढंच विचारावं. दागिने, रत्नं, जुनी घड्याळं यांत मात्र तपशीलवार पावती आणि स्वतंत्र प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र नसेल तर व्यवहार करू नका, मग दुकानदार कितीही भला वाटो.

किमतीच्या चिठ्ठीवरून डिपार्टमेंट स्टोअरकडे, म्हणजे एकाच इमारतीत मजल्यामजल्यावर वेगवेगळा माल विकणाऱ्या मोठ्या दुकानाकडे वळतो, कारण ठरलेल्या भावाची सवय लोकांना मोठ्या प्रमाणावर लावली ती याच दुकानांनी आणि त्यांच्या पूर्वजांनी. आजच्या मित्सुकोशी या जपानी डिपार्टमेंट स्टोअरचं मूळ असलेल्या एचिगोया या दुकानाची सुरुवात १६७३ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत झाली. रोख पैसे आणि सर्वांना एकच भाव हा त्यांचा नेम होता. पॅरिसमध्ये आरिस्तिद बुसिको १८५२ साली बाँ मार्शे या दुकानात भागीदार झाले आणि ठरलेल्या किमती, काही न घेता फिरण्याची मोकळीक, माल परत करण्याची मुभा या गोष्टी तिथे रुळल्या. ‘घेतलंच पाहिजे’ हे दडपण नसलेली शहरातली ही मोठी जागा, आणि परक्या माणसासाठी आजही ती तितकीच सोयीची आहे. वेळ एकच दुपार असेल, पाऊस असेल, बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील, पाच जणांसाठी पाच भेटवस्तू घ्यायच्या असतील, तर आडरस्त्यांचा नाद सोडून सरळ इथे जा.

मात्र मजले ओळखून फिरा. १९०९ साली ऑक्सफर्ड स्ट्रीटवर सेल्फ्रिजेस उघडलं आणि हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांनी अत्तरं आणि सौंदर्यप्रसाधनं दर्शनी तळमजल्यावर आणली. आज जगभर तीच रीत दिसते, कारण इमारतीच्या आतही दाराजवळची जागा सर्वांत महाग असते. जसजसं वर जाल तसतसा माल जास्त जागा खाणारा आणि विचार करून घेण्याचा होतो: घरसामान, लहान मुलांचे कपडे, पुस्तकं, प्रवासाच्या बॅगा. जपानी डिपार्टमेंट स्टोअरवाले वरच्या मजल्यावर मुद्दाम प्रदर्शनं आणि सवलतीचे मेळे भरवतात, म्हणजे वर आलेली गर्दी एकेका मजल्यावरून खाली झिरपते. त्यांच्या धंद्याच्या भाषेत याला ‘शॉवर इफेक्ट’ म्हणतात. तुम्हीही लिफ्टनं आधी सर्वांत वर जा आणि सरकत्या जिन्यानं खाली उतरत या. सवलतीचा माल ताज्या पायांनी बघता येतो.

एक बारीक गोष्ट. या दुकानांतले बरेच काउंटर खुद्द त्या त्या ब्रँडनं चालवलेले असतात; दुकान फक्त जागा देतं आणि विक्रीतला वाटा घेतं. त्यामुळे माल बदलून देण्याचे नियम, सवलतीचं कार्ड चालेल की नाही, कपड्याची लांबी-रुंदी नीट करून मिळेल का, हे एकाच छताखाली काउंटरगणिक बदलू शकतं. पैसे देण्याआधी विचारून घ्या. ज्या देशांत परदेशी पाहुण्यांना खरेदीवरचा कर परत मिळतो तिथे करपरताव्याची खिडकीही बहुतेक मोठ्या दुकानांत असते, आणि वेगवेगळ्या मजल्यांवरच्या खरेदीची कागदपत्रं एकत्र होतात.

छताखालच्या जुन्या गल्ल्या, म्हणजे पॅरिसचा १८०० च्या सुमाराचा पासाज दे पानोरामा किंवा लंडनचा १८१९ चा बर्लिंग्टन आर्केड, जरूर बघाव्यात. जुनी टपाल तिकिटं, छापील चित्रं, हातमोजे असा माल तिथे मिळतो. खरेदी झाली नाही तरी वेळ वाया जात नाही.

जमिनीखालचं प्रकरण वेगळं. माँट्रियल आणि टोरंटो या दोन्ही शहरांत मध्यवर्ती भागाखाली ३० किलोमीटरहून जास्त पादचारी मार्ग आहेत आणि त्यांच्या कडेनं दुकानं. टोरंटोच्या ‘पाथ’ नावाच्या या भुयारी मार्गांमधली बरीच दुकानं वरच्या कार्यालयांतल्या नोकरदारांवर चालतात, म्हणून शनिवार-रविवारी तिथे अनेक शटरं खाली असतात. कोणत्याही शहरात स्टेशनाखालची किंवा कार्यालयांखालची दुकानं बघताना त्यांचं गिऱ्हाईक कोण हे आधी ओळखा. रोज जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला लागेल ते तिथे चांगलं आणि वाजवी मिळतं: छत्री, मोजे, चार्जर, वाचायला पुस्तक. आठवण म्हणून जपायची वस्तू तिथे शोधू नका.

वर बघायला मात्र विसरू नका. हाँगकाँगमध्ये तळमजल्याची भाडी इतकी चढली की पुस्तकांची आणि छंदांच्या वस्तूंची दुकानं जिने चढून वर गेली. तिथे त्यांना ‘वरच्या मजल्यावरची दुकानं’ म्हणूनच ओळखतात. टोकियोतही अनेक अरुंद इमारतींच्या दाराशी मजल्यागणिक पाट्या असतात. या पाट्या वाचणं ही नव्या शहरात लावून घ्यायची सर्वांत उपयोगी सवय. रस्त्याकडे काचेची खिडकी नसूनही जे दुकान टिकलं आहे, ते मालाच्या आणि नावाच्या जोरावरच टिकलेलं असतं.

मध्यवर्ती भागातल्या बंदिस्त मॉलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो शेवटचा पर्याय. तिथली दुकानं मुख्य रस्त्यावरच्या साखळ्यांचीच असतात. उशिरापर्यंत उघडं असणं, स्वच्छतागृह आणि वातानुकूलन हे त्याचे खरे गुण. याउलट संग्रहालयांची दुकानं लोक उगाच विसरतात. बऱ्याच ठिकाणी दुकानात जायला तिकीट लागत नाही, आणि कागदाच्या, कापडाच्या, चिनी मातीच्या वस्तूंची निवड जाणत्या नजरेनं केलेली असते.

वेळ चुकली तर योग्य रस्ताही उपयोगाचा नाही. जर्मनीत बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना १९९४ च्या कायद्यानुसार रविवारी सलग सहाच तास उघडता येतं. इस्तंबूलचा झाकलेला बाजार रविवारी बंद, काप्पाबाशीतली बरीच दुकानंही तशीच. म्हणून एकाच मालाचे बाजार कामाच्या दिवशी सकाळी, डिपार्टमेंट स्टोअर दुपारी आणि मुख्य रस्ता संध्याकाळी, असा दिवस लावा. दिवे लागल्यावर मुख्य रस्ता सुंदर दिसतो आणि तिथली दुकानं उशिरा मिटतात. कारागिराचं दुकान तोवर बंद झालेलं असतं.

सेलच्या पाटीला भुलण्याआधी त्या देशाचा नियम जाणून घ्या. फ्रान्समध्ये हंगामी सेलच्या तारखा सरकार ठरवतं. वर्षातून दोनदा, २०२० पासून प्रत्येकी चार आठवडे. शेवटच्या आठवड्यात भाव सर्वांत खाली येतात, पण मधली मापं संपलेली असतात. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार किंमत कमी केल्याचं जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. खोडलेली जुनी किंमत तिथे बऱ्यापैकी भरवशाची, इतरत्र तितकी नाही. अमेरिका आणि कॅनडात चिठ्ठीवरच्या किमतीत विक्रीकर बहुधा धरलेला नसतो, तो गल्ल्यावर वाढतो. युरोपात आणि ब्रिटनमध्ये चिठ्ठीवरची किंमत करासकट असते.

परत करण्याबाबत एक गैरसमज फार पसरला आहे. युरोपीय संघातला कारण न देता १४ दिवसांत माल परत करण्याचा हक्क ऑनलाइन आणि दूरवरून केलेल्या खरेदीला आहे, दुकानात बघून घेतलेल्या वस्तूला नाही. सदोष वस्तूसाठी कायदेशीर हमी वेगळी असते, पण ‘आवडला नाही’ म्हणून परत घ्यायचं की नाही हे दुकान ठरवतं. विजेची वस्तू घेताना मागची पट्टी वाचा: जपानमध्ये १०० व्होल्ट, उत्तर अमेरिकेत १२०, युरोपात २३०. ‘१००–२४०’ असं छापलं असेल तरच निर्धास्त घ्या. कार्डानं पैसे देताना यंत्र तुमच्या घरच्या चलनात रक्कम दाखवून पसंती विचारतं, तेव्हा नेहमी स्थानिक चलन निवडा. घरच्या चलनाचा दर बहुतेक वेळा महागात पडतो.

करपरताव्याचं गणित खरेदीच्या आधी मांडा. ग्रेट ब्रिटननं पाहुण्यांना दुकानातल्या खरेदीवरचा कर परत देणं २०२१ च्या सुरुवातीपासून थांबवलं आहे. युरोपीय संघात ही सोय बाहेरच्या रहिवाशांसाठी आहे. त्यासाठी खरेदीच्या वेळी पासपोर्ट दाखवून कागद घ्यावा लागतो, आणि खरेदीचा महिना संपल्यावर तीन महिन्यांच्या आत माल संघाबाहेर न्यावा लागतो. जपानमध्ये १ नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात कर भरून देश सोडताना परतावा घेण्याची पद्धत येते आहे. कुठेही असलात तरी ज्या वस्तूंवर परतावा मागायचा आहे त्या चेक-इनच्या बॅगेत तळाशी भरू नका. कस्टमच्या खिडकीवर त्या प्रत्यक्ष दाखवायला सांगू शकतात, आणि बॅग पट्ट्यावरून निघून गेली असेल तर शिक्का मिळत नाही. त्या दिवशी विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा आणि सामान देण्यापूर्वी आधी ती खिडकी गाठा.